घटस्फोटानंतर अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज: कधी करायचा, कसा करायचा

अमेरिकेत घटस्फोट झालेले ग्रीन कार्डधारक नागरिकत्वाच्या अर्जात दोन टोकाच्या चुका करतात. काही जण नागरिकत्वासाठी लागणारी पाच वर्षं घटस्फोटाच्या तारखेपासून नव्याने मोजतात आणि विनाकारण थांबून राहतात. काही जण लग्न मोडलेलं असतानाही, अमेरिकन नागरिकाच्या जोडीदारासाठी असलेल्या तीन वर्षांच्या सवलतीखाली अर्ज भरतात. पहिल्या चुकीत फक्त वेळ जातो. दुसरीत फी जाते, अर्ज फेटाळला जातो, आणि मुलाखतीत ‘आम्ही एकत्रच राहतो’ असं शपथेवर खोटं सांगितलं असेल तर पुढचा अर्जही धोक्यात येतो.

तेव्हा आधी हे पक्कं करा: घटस्फोटामुळे मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. ग्रीन कार्ड ज्या दिवशी मिळालं, त्या दिवसापासूनच ती चालू असते. बदलतं ते एवढंच, की तीन वर्षांची वाट बंद होते आणि पाच वर्षांची उरते.

टप्पा १ : तारखांचा कागद

फॉर्म उघडण्याआधी एका कोऱ्या कागदावर या तारखा लिहा: ग्रीन कार्डावरची ‘रेसिडेंट सिन्स’ची तारीख, लग्नाची तारीख, जोडीदार अमेरिकन नागरिक झाला असेल तर ती तारीख, वेगळं राहायला लागलात ती, कोर्टात अर्ज दाखल झाला ती, आणि घटस्फोट कायद्याने अंतिम झाला ती. त्याखाली ग्रीन कार्ड मिळाल्यापासूनची प्रत्येक परदेशवारी, जाण्या-येण्याच्या तारखांसह.

‘रेसिडेंट सिन्स’ म्हणजे कायम रहिवासी झालात तो दिवस. कार्ड घरी आलं तो दिवस नव्हे आणि कार्डाची मुदत संपते ती तारीखही नव्हे. कार्ड नवं करून घेतलं तरी ही तारीख तीच राहते.

सगळ्यात जास्त घोळ शेवटच्या तीन तारखांत होतो. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात कागदपत्रं समोरच्याला बजावल्यापासून सहा महिने झाल्याशिवाय लग्न कायद्याने संपत नाही. तिथल्या एफएल-१८० या निकालपत्रावर न्यायाधीशांच्या सहीची तारीख वेगळी आणि वैवाहिक स्थिती संपल्याची तारीख वेगळी असू शकते. फॉर्ममध्ये दुसरी लिहायची. बरेच जण सहीची तारीख उतरवून मोकळे होतात आणि मग मुलाखतीत उगाच खुलासे करत बसावं लागतं.

तपासा: कार्डावर ‘कॅटेगरी’खाली काय छापलं आहे? सीआर१ किंवा सीआर६ असेल तर कार्ड दोन वर्षांचं, अटींवर दिलेलं आहे. तुम्हाला टप्पा ३ लागू होतो. ई२६, ई२७ असं काही असेल तर कार्ड नोकरीच्या वाटेने आलं आहे. ई२७ म्हणजे त्या वाटेने आलेला जोडीदार.

इथे एक भीती काढून टाकायला हवी, कारण आपल्या लोकांत ती फार आहे. नवऱ्याच्या कंपनीने ग्रीन कार्डासाठी अर्ज केला, त्याच्या जोडीने बायकोलाही कार्ड मिळालं, आणि नंतर घटस्फोट झाला, तर तिचं कार्ड जात नाही. नवरा ‘रद्द करून टाकीन’ म्हणाला तरी तो अधिकार त्याच्या हातात नाही. मात्र कार्ड मंजूर होण्याआधीच घटस्फोट अंतिम झाला, तर जोडीदार म्हणून असलेला हक्क संपतो. या दोन परिस्थिती अगदी वेगळ्या आहेत. फोनवर कुणी सल्ला देत असेल तर तो नेमका कोणत्या परिस्थितीबद्दल बोलतो आहे ते आधी विचारा.

टप्पा २ : पाच की तीन

पाच वर्षांचा नियम सगळ्यांसाठी आहे. त्यात लग्नाशी काही संबंध नाही. तुम्ही विवाहित असा, घटस्फोटित असा, वेगळे राहत असा.

तीन वर्षांच्या सवलतीला मात्र या सगळ्या अटी एकत्र लागतात: अर्जाच्या आधीची पूर्ण तीन वर्षं तुम्ही ग्रीन कार्डधारक असणं, त्याच तीन वर्षांत त्याच एका अमेरिकन नागरिक जोडीदाराबरोबर संसारात राहणं, आणि जोडीदार त्या पूर्ण तीन वर्षांत नागरिक असणं. नवरा दोन वर्षांपूर्वी नागरिक झाला असेल तर लग्नाला दहा वर्षं झाली असली तरी सवलत नाही. शिवाय लग्न नागरिकत्वाच्या शपथविधीपर्यंत टिकलेलं असावं लागतं. मधेच घटस्फोट झाला किंवा जोडीदाराचं निधन झालं, तर सवलत गेली.

कायद्याने विभक्त झालात तर संसार तिथेच संपला असं धरतात. कोर्टात न जाता नुसतं वेगळं राहत असाल तर अधिकारी प्रकरण बघून ठरवतो. नोकरीसाठी एक जण सिॲटलला आणि एक डॅलसला असेल तर समजावून सांगता येतं. भांडून वेगळे राहत असाल तर नाही.

सावधान: लग्नाला तडा गेला आहे आणि तीन वर्षं भरत आली आहेत, म्हणून ‘घटस्फोटाच्या आत अर्ज उरकून घेऊ’ असं करू नका. माझं मत स्पष्ट आहे. अशा वेळी पाच वर्षं भरेपर्यंत थांबा. दोन वर्षं थांबल्याने तुमचा कोणताही हक्क जात नाही. शपथेवर खोटं बोलल्याने जातो.

पुन्हा दुसऱ्या अमेरिकन नागरिकाशी लग्न केलंत तर तीन वर्षं त्या नव्या लग्नापासून मोजतात. आधीच्या लग्नातली दीड आणि या लग्नातली दीड अशी बेरीज होत नाही.

एक महत्त्वाचा अपवाद आहे. अमेरिकन नागरिक जोडीदाराने मारहाण किंवा क्रूर छळ केला आणि त्या आधारावर ग्रीन कार्ड मिळालं, किंवा त्याच आधारावर कार्डावरच्या अटी निघाल्या, तर घटस्फोटानंतरही तीन वर्षांत अर्ज करता येतो. एकत्र राहण्याची अट लागत नाही. अशा प्रकरणात फॉर्म स्वतः भरू नका, वकील घ्या. न्यू जर्सीतली ‘मानवी’ आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातली ‘मैत्री’ या संस्था दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करतात.

टप्पा ३ : दोन वर्षांचं कार्ड असेल तर आधी आय-७५१

कार्ड मिळालं तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती, म्हणून दोन वर्षांचं कार्ड मिळालं, आणि आता घटस्फोट झाला. अशा वेळी अटी काढून घेण्याचा आय-७५१ अर्ज जोडीदाराच्या सहीशिवाय, एकट्याने करता येतो. ‘लग्न खऱ्या मनाने केलं होतं, पण ते टिकलं नाही’ हा त्याचा आधार. याला कार्डाच्या शेवटच्या ९० दिवसांची वाट बघावी लागत नाही. घटस्फोट अंतिम झाला की करता येतो.

दोघांच्या सहीने आय-७५१ आधीच दिला असेल आणि तो प्रलंबित असताना घटस्फोट झाला असेल, तर निकालाची प्रत जोडून तोच अर्ज एकट्याच्या अर्जात बदलून द्या असं लेखी मागता येतं. लोक हे करत नाहीत. गप्प बसतात, आणि मुलाखतीची नोटीस जोडीदाराच्याही नावाने येते.

पुरावे भरपूर लागतात. एकत्र घरभाड्याचा करार, सामाईक बँक खातं, एकमेकांच्या नावाने विमा, एकत्र भरलेला टॅक्स. घर सोडताना लोक कपडे घेतात आणि फायली मागे ठेवतात. जमलं तर त्याच वेळी सगळ्याचे फोटो काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. सामाईक खातं बंद करण्याआधी सगळी स्टेटमेंट उतरवून घ्या, नंतर बँकेकडे मागत फिरावं लागतं.

अटींवरची दोन वर्षं पाचात धरली जातात, वाया जात नाहीत. आय-७५१ची पावती कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढवते. तेवढ्यात पाच वर्षं भरली तर नागरिकत्वाचा अर्जही टाकता येतो. फक्त आय-७५१चा निकाल त्याआधी किंवा त्याच्यासोबतच लागावा लागतो.

टप्पा ४ : दिवस मोजा

पाच वर्षं पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधी अर्ज करता येतो. ‘रेसिडेंट सिन्स’ १५ मार्च २०२२ असेल तर पाच वर्षं १५ मार्च २०२७ला भरतात. त्याच्या ९० दिवस आधी म्हणजे १५ डिसेंबर २०२६ला अर्जाचा पहिला दिवस येतो. तीन महिने आधी आणि ९० दिवस आधी हे दर वेळी सारखं नसतं, म्हणून कॅलेंडरवर बोट ठेवून मोजा. यूएससीआयएसच्या, म्हणजे हे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी खात्याच्या, संकेतस्थळावर तारीख काढून देणारं साधनही आहे. आणि पहिल्याच दिवशी अर्ज टाकायची घाई करू नका, चार-पाच दिवस जाऊ द्या. एक दिवस लवकर टाकलेला अर्जही वाया जातो.

त्या पाच वर्षांत अमेरिकेत प्रत्यक्ष राहिलेले निदान ३० महिने भरले पाहिजेत. निघालात तो दिवस आणि परत आलात तो दिवस, दोन्ही अमेरिकेतलेच धरतात.

आता खरी अडचण. घटस्फोट झाला की माणूस माहेरी जातो, आईवडिलांकडे जातो. पुण्याला किंवा नाशिकला दोन महिने म्हणून गेलेलं माणूस आठ महिने राहतं, आणि ते अगदी साहजिक आहे. पण एकाच वारीत सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवस गेले, तर सलग वास्तव्य तुटलं असं कायदा गृहीत धरतो. ते खोडून काढायचं काम तुमचं: इथली नोकरी चालू होती, घराचं भाडं भरत होता, मुलं इथे शाळेत होती, टॅक्स भरला. एक वर्ष किंवा जास्त काळ बाहेर राहिलात तर वास्तव्य तुटतंच. तेव्हा परत आल्यापासून साडेचार वर्षं झाल्यावर अर्ज केलात तर त्या वारीवरून वाद उरत नाही.

सावधान: री-एंट्री परमिटने, म्हणजे जास्त काळ बाहेर राहून परत येण्याच्या परवान्याने, ग्रीन कार्ड वाचतं, सलग वास्तव्य वाचत नाही. इतकी सरळ गोष्ट असूनही वर्षानुवर्षं लोक यात फसत आहेत.

वाऱ्यांच्या तारखा आठवत नसतील तर पासपोर्टचे शिक्के आणि विमान तिकिटांचे ईमेल समोर घ्या. मुंबईला उतरल्याचा शिक्का म्हणजे अमेरिका सोडल्याची तारीख नव्हे. तुम्ही नेवार्कहून आदल्या दिवशी निघालेले असता. फॉर्ममध्ये अमेरिका सोडल्याची तारीख लिहायची.

तपासा: घटस्फोटानंतर दुसऱ्या राज्यात, भावाकडे किंवा मैत्रिणीकडे राहायला गेलात का? अर्जाच्या दिवशी त्या राज्यात तीन महिने झालेले हवेत.

टप्पा ५ : घटस्फोटाचे कागद

आतापर्यंतच्या प्रत्येक लग्नाचा आणि प्रत्येक घटस्फोटाचा कागद हवा. पाच वर्षांच्या नियमाखाली अर्ज असला तरीही.

भारतात घटस्फोट झाला असेल तर कौटुंबिक न्यायालयाच्या अंतिम हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल काढा. परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोन मोशन, म्हणजे कोर्टापुढचे दोन टप्पे, असतात. पहिल्या मोशनचा आदेश म्हणजे घटस्फोट नव्हे, तरी अनेक जण तोच जोडतात. नकलेचा अर्ज निकाल लागतो त्याच आठवड्यात द्या, आणि दोन-तीन प्रती घ्या. अमेरिकेतून नातेवाइकांना कोर्टात पाठवून नक्कल काढणं फार त्रासाचं जातं. कागद मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सहीचं प्रमाणपत्र हवं. शिक्क्यातला मजकूर आणि समासातली टिपणंसुद्धा भाषांतरात आली पाहिजेत.

स्टॅम्प पेपरवर लिहिलेली सोडचिठ्ठी किंवा नोटरीसमोरचा काडीमोड यावर विसंबू नका. समाजातल्या रूढीने झालेला घटस्फोट काही ठिकाणी कायद्याने मान्य असतो, पण ते सिद्ध करावं लागतं. कोर्टाकडून तसा निवाडा आणून ठेवलेला बरा. यावर पुढचं लग्न उभं असेल तर जास्तच, कारण आधीचं लग्न संपलं नसेल तर दुसरं लग्न आणि त्यावर मिळालेलं ग्रीन कार्ड दोन्ही अडचणीत येतात.

माहेरचं नाव परत घ्यायचं असेल तर ते निकालपत्रातच लिहून घ्या.

टप्पा ६ : पोटगी, पोलीस आणि टॅक्स

अर्जात चांगल्या वर्तनाची तपासणी होते आणि घटस्फोटितांचे अर्ज इथेच जास्त अडतात.

मुलांचा खर्च देण्याचा आदेश असेल आणि जाणूनबुजून दिला नसेल, तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. रोख देत असाल तर बंद करा. बँकेतून द्या, म्हणजे नोंद राहते. नोकरी गेल्यामुळे देता आला नसेल तर आदेश बदलून घेण्याचा अर्ज कोर्टात करा आणि त्याची प्रत ठेवा.

फॉर्ममध्ये जगात कुठेही अटक किंवा आरोप झाला आहे का, असं विचारतात. भारतातला ४९८-अ चा, म्हणजे बायकोच्या छळाचा, गुन्हाही त्यात येतो. आता तेच कलम भारतीय न्याय संहितेत ८५ आहे. तडजोड झाली, गुन्हा रद्द झाला, निर्दोष सुटलात, तरी लिहायचं आणि कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत जोडायची. ‘भारतातलं त्यांना कसं कळणार’ हा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा. अमेरिकेत संरक्षण आदेशाचा भंग झाल्याचा ठपका असेल तर अर्ज करण्याआधीच इमिग्रेशन वकिलाला गाठा, कारण त्यात ग्रीन कार्डच जाऊ शकतं.

टॅक्सचं असं आहे: ३१ डिसेंबरपर्यंत घटस्फोट अंतिम झालेला असेल तर ते संपूर्ण वर्ष तुम्ही अविवाहित धरले जाता. ऑक्टोबरमध्ये घटस्फोट झाला आणि एप्रिलमध्ये सवयीने एकत्र रिटर्न भरला, असं होतं. तसं झालं असेल तर १०४०-एक्स हा दुरुस्तीचा रिटर्न भरून दुरुस्त करा आणि मगच नागरिकत्वाचा अर्ज द्या.

टप्पा ७ : एन-४०० भरा

एन-४०० म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जाचा फॉर्म. ऑनलाइन फी ७१० डॉलर, कागदी अर्जाची ७६०. घटस्फोटानंतर घरातलं उत्पन्न कमी झालं असेल तर ३८० डॉलरची कमी फी लागू होते का ते बघा. भरण्याच्या दिवशी दर पुन्हा तपासा. अर्जाचा आधार विचारतात तिथे पाच वर्षांचा पर्याय निवडा. सवयीने ‘नागरिकाचा जोडीदार’ निवडणारे आहेत, आणि त्या एका खुणेने अर्ज चुकीच्या कलमाखाली जातो.

घर बदललं की दहा दिवसांत एआर-११ हा पत्ता कळवण्याचा फॉर्म भरावा लागतो. अर्ज दिल्यानंतर घर बदललंत तर त्या अर्जावरचा पत्ताही बदला. पोस्टाच्या फॉरवर्डिंगवर विसंबू नका. मुलाखतीची नोटीस जुन्या घरी, म्हणजे पूर्वीच्या जोडीदाराच्या हातात पडू नये.

तपासा: फॉर्मातल्या लग्नाच्या, घटस्फोटाच्या आणि पत्त्यांच्या तारखा टप्पा १च्या कागदाशी, जुन्या ग्रीन कार्ड अर्जाशी आणि टॅक्स रिटर्नशी जुळतात का?

टप्पा ८ : मुलाखत

अधिकाऱ्यापुढे तुमची पूर्ण जुनी फाइल असते. ग्रीन कार्ड लग्नावर मिळालेलं असेल तर ते लग्न खरं होतं का हे पुन्हा विचारण्याचा त्याला अधिकार आहे, घटस्फोट झालेला असला आणि पाच वर्षं भरलेली असली तरीही. म्हणून टप्पा ३ मधले पुरावे दहा वर्षांचं कार्ड असणाऱ्यांनीही बरोबर न्यावेत.

‘कधी वेगळे झालात?’ या प्रश्नावर लोक गडबडतात. कुणी निकालाची तारीख सांगतं, कुणी घर सोडल्याची. तिन्ही वेगळ्या करून सांगा: ‘जूनपासून वेगळे राहत होतो, सप्टेंबरमध्ये अर्ज दाखल केला, पुढच्या मार्चमध्ये निकाल लागला.’ कारण विचारलं तर एका-दोन वाक्यांत सांगा. पूर्वीच्या जोडीदाराबद्दलचा राग तिथे काढू नका, आणि लाज वाटून काही लपवूही नका.

२० ऑक्टोबर २०२५पासून दिलेल्या अर्जांना नागरिकशास्त्राची नवी परीक्षा आहे. १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. जुनी १०० प्रश्नांची पुस्तिका मंडळात कुणी दिली तर ती बाजूला ठेवा.

टप्पा ९ : मुलाखतीनंतर शपथेपर्यंत

तीन वर्षांच्या सवलतीत अर्ज केला होता आणि शपथेआधी घटस्फोट झाला, तर स्वतःहून कळवा. शपथविधीच्या एन-४४५ फॉर्मवर मुलाखतीनंतर लग्न, विभक्त होणं, घटस्फोट यांपैकी काही झालं का, हा प्रश्न असतोच. अर्जाच्या दिवशी पाच वर्षांच्या अटीही पूर्ण होत होत्या, तर त्या कलमाखाली विचार करा असं मागता येतं. नसतील होत, तर अर्ज फेटाळला जाईल. अशा नकारावर ३० दिवसांत फेरसुनावणी मागता येते, पण लग्नच संपलं असेल तर तिच्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. पाच वर्षं भरली की नवा अर्ज द्या. खरं सांगितलेलं असेल तर जुना नकार आड येत नाही.

पाच वर्षांच्या नियमाखाली अर्ज असेल आणि मधेच घटस्फोट झाला, तर पात्रतेवर परिणाम होत नाही. निकालाची प्रत शपथेला घेऊन जा.

टप्पा १० : मुलांसाठी

मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल तर प्रश्नच नाही. भारतात जन्मलेल्या, ग्रीन कार्ड असलेल्या मुलाचं वय १८च्या आत असेल आणि ते अमेरिकेत नागरिक झालेल्या पालकाच्या कायदेशीर आणि प्रत्यक्ष ताब्यात राहत असेल, तर ते आपोआप नागरिक होतं. म्हणून घटस्फोटाच्या निकालात ताब्याचं कलम कसं लिहिलं आहे याला फार महत्त्व आहे. मूल पूर्णपणे दुसऱ्या पालकाच्या ताब्यात दिलेलं असेल, तर तुमच्या शपथेने त्याला नागरिकत्व मिळत नाही. निकालाचा मसुदा तयार होत असतानाच वकिलाला हे विचारा.

मुलाच्या अमेरिकन पासपोर्टसाठी, ते १६ वर्षांच्या आत असेल तर, दोन्ही पालकांची हजेरी लागते. दुसरा पालक येणार नसेल तर त्याची डीएस-३०५३वरची नोटरी केलेली संमती आणा. पूर्ण ताबा एकट्याकडे असेल तर तसं लिहिलेल्या निकालाची प्रत न्या. पूर्वीच्या जोडीदाराकडून संमती यायला उशीर लागतो हे धरून, मुलाच्या भारतवारीची तिकिटं पासपोर्ट हातात आल्यावरच काढा.